डायरी बारा तारखेला का थांबली?

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी ४४ वर्षांची, सांगलीत राहते. एका पतसंस्थेत १९ वर्षं हिशेबाच्या टेबलावर काम करते. घरी मिस्टर, बारावीला असलेली मुलगी आणि मी. ३१ डिसेंबरच्या रात्री सगळे झोपल्यावर मी सरत्या वर्षाची डायरी काढली. पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात ९ संकल्प होते. रोज ४५ मिनिटं चालणं, चहात साखर बंद, ५ किलो वजन कमी, इंग्रजी बोलण्याचा सराव, महिन्याला एक पुस्तक, पेटीचा क्लास पुन्हा सुरू, मुलीवर ओरडायचं नाही, असे. डायरी १२ जानेवारीपर्यंत लिहिलेली आणि पुढे सगळी कोरी. मग मी शेवटच्या पानावर वर्षभरात काय काय जमलंच नाही ते लिहायला बसले. दीड पान भरलं. खाली 'आळशीपणा' असं लिहून दोन रेघा मारल्या आणि रडत बसले.

(वर्ष तसं धावपळीचंच गेलं. भोगीच्या दिवशी सासूबाई न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्या पुन्हा उभ्या राहिल्याच नाहीत. सात महिने अंथरुणावर होत्या, दर दोन तासांनी कूस बदलावी लागायची. श्रावणात गेल्या. खोटं कशाला सांगू, तेव्हा मनात पहिल्यांदा 'सुटलो' असंच आलं.)

जूनमध्ये एका रात्री मुलगी 'पोळ्या संपल्या' म्हणाली आणि मी तिच्यावर खेकसले, 'तूही आजीसारखी माझ्याच अंगावर पडणार आहेस का?' सासूबाई पलीकडच्या खोलीत होत्या. त्यांनी ऐकलं असेल का, माहीत नाही. मुलगी तेव्हापासून दार लावून अभ्यास करते.

मैत्रीण म्हणते, नवीन वर्ष लागलंय, जरा थांब, शांतपणे स्वतःकडे बघ. पण मी थांबले की स्वतःला झोडपूनच उठते. आत्मपरीक्षण मायेनं करता येतं का? आणि यंदा नवी डायरी आणू की नको?

– एक वाचक, सांगली

उत्तर

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती आणि दोन ठिकाणी खुणा केल्या. पहिली, 'डायरी १२ जानेवारीपर्यंत लिहिलेली'. दुसरी बरीच खाली, कंसात, 'भोगीच्या दिवशी सासूबाई न्हाणीघरात पडल्या'.

गेल्या वर्षी संक्रांत १४ जानेवारीला होती. भोगी तिच्या आदल्या दिवशी, म्हणजे १३ तारखेला.

ही दोन्ही वाक्यं तुम्हीच लिहिलीत, एकाच पत्रात, पण ती एकमेकांशेजारी ठेवून पाहिली नाहीत. १२ तारखेच्या रात्री तुम्ही डायरीचं पान लिहून मिटलंत. दुसऱ्या दिवशी न्हाणीघरातून आवाज आला. त्यानंतर दवाखाना, एक्स-रे, ऑपरेशनसाठी पैशांची जमवाजमव, रजेचे अर्ज. डायरी कोरी राहिली ती त्या दिवशीच्या धावपळीमुळे आणि पुढच्या सात महिन्यांमुळे. वर्ष संपताना तुम्ही ती कोरी पानं पाहिलीत आणि खाली निकाल लिहिलात, 'आळशीपणा'. ती दोन रेघा मारलेली ओळ मला अजून टोचते आहे.

तुम्ही हिशेबाच्या टेबलावर १९ वर्षं काढलीत, म्हणून तुमच्याच कामातलं विचारते. ताळेबंद कुणी आधी काढतं का? आधी किर्द. रोजचं रोज, आलं-गेलं सगळं. किर्दीवरून खतावणी, म्हणजे खात्याखात्याची वही, खतावणीवरून तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बाक्यांची यादी, तिच्या दोन्ही बाजू जुळल्या की नफा-तोटा पत्रक आणि सगळ्यात शेवटी ताळेबंद. तुम्ही ३१ डिसेंबरच्या रात्री किर्द उघडलीच नाही. थेट ताळेबंद मांडलात, तोही एकाच बाजूचा, नुसती देणी. असा कागद एखाद्या नव्या मुलानं तुमच्यापुढे ठेवला असता तर तुम्ही तो न वाचता परत केला असता.

शिवाय त्यात घसारा धरलेला नाही. संस्थेतल्या खुर्च्यांवर, कपाटांवर, संगणकांवर तुम्ही दर मार्चअखेरीस घसारा लावता. तीन वर्षं वापरलेल्या संगणकाची किंमत पूर्वीइतकी राहिली नाही म्हणून त्याला कुणी बोल लावत नाही. वापरला, झिजला, नोंद केली. सात महिने रात्री-अपरात्री उठलेल्या बाईची झीज तुम्ही कुठल्या खात्यात दाखवलीत?

एक साधा गुणाकार मी करून पाहिला. दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणजे दिवसाला १२ वेळा. सात महिन्यांचे २१० दिवस धरले तर २,५२० वेळा. सगळं तुम्ही एकटीनं केलं नसेल. मिस्टरांनी केलं असेल, दिवसा एखाद्या बाई येत असतील, मुलीनंही हात लावला असेल. निम्मं धरू. तरी साडेबाराशे वेळा तुम्ही एका जड झालेल्या देहाखाली हात घालून, पाठीवर कुठे लाल झालंय का बघून, उशी सरकवून तो वळवला आहे. ही नोंद तुमच्या दीड पानात नाही. चहातली साखर आहे, ही नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. स्वतःकडे मायेनं बघता येतं का? येतं. पण त्यासाठी 'परीक्षण' हा शब्द थोडे दिवस बाजूला ठेवा. लेखापरीक्षक बाहेरून येतो, कारण ज्यानं वह्या लिहिल्या त्यानंच त्या तपासायच्या नसतात. तो तपासून संस्थेला अ, ब, क किंवा ड वर्ग देतो. तुम्ही मध्यरात्री, थकलेल्या डोळ्यांनी, स्वतःच्याच वह्या तपासून स्वतःला ड वर्ग देऊन टाकलात. वर्ग देणं हे तुमचं कामच नव्हतं. तुमचं काम किर्द वाचण्याचं.

किर्द कुठे आहे, असं तुम्ही विचाराल. डायरी तर कोरी. ती भिंतीवर आहे, किंवा आठवडाभरापूर्वीपर्यंत होती. १९७३ साली कालनिर्णय निघालं, आणि तेव्हापासून आपल्या स्वयंपाकघरांतल्या खिळ्यावर ते किंवा त्याचं एखादं भावंड लटकलेलं असतंच. तारखेच्या चौकोनात दुधाचे खाडे, सिलेंडर लावल्याची तारीख, कामवाल्या बाईंची सुट्टी, कुणाकुणाचे वाढदिवस. तुमच्या घरी गेल्या वर्षी त्याच चौकोनांत आणखीही काही लिहिलं गेलं असणार. ड्रेसिंग, फिजिओथेरपी, रिपोर्ट आणणे, वॉटर बेड, डायपर. नवं कॅलेंडर आलं की जुनं रद्दीत जातं. रद्दीवाल्याला दिलं नसेल तर आजच काढून ठेवा.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते आहे. माझे वडील अर्धांगवायूनंतर १४ महिने अंथरुणावर होते. ते गेल्यावर मला त्या १४ महिन्यांतलं काही आठवेना. एवढंच वाटत राहिलं की आपण त्यांच्यापाशी पुरेसं बसलो नाही. पुढे एकदा कपाट आवरताना त्या वर्षाचं कॅलेंडर निघालं, आईनं का ठेवलं होतं कोण जाणे. मार्चच्या पानावर एका चौकोनात आईच्या बारीक अक्षरात 'अर्धी पोळी'. दुसऱ्या दिवशीच्या चौकोनात 'पाऊण'. मग तीन दिवस नुसतं 'पेज'. मग पुन्हा 'अर्धी'. असा सगळा महिना. एप्रिलच्या १९ तारखेला मात्र माझं अक्षर होतं. मी लिहिलं होतं, 'बाबा हसले'. मला तो दिवस आजही आठवत नाही. कशाला हसले तेही आठवत नाही. पण अक्षर माझं होतं, म्हणजे मी तिथे होते, त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आणि ते हसले ही गोष्ट मला लिहून ठेवावीशी वाटली होती. स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून मी ते १२ महिने एकेक करून वाचले. वाचून झाल्यावर मी पुरेशी बसले की नाही हा प्रश्न सुटला नव्हता. पण त्याचा आवाज उतरला होता.

तुम्हीही एवढंच करा. एखाद्या रविवारी दुपारी, जेवणं उरकल्यावर. रात्री नको. रात्री थकलेलं मन सगळ्याच गोष्टी अंगावर ओढून घेतं. गच्चीत किंवा मागच्या दारी उन्हात बसा. जुनं कॅलेंडर घ्या आणि जानेवारीपासून एकेक चौकोन वाचत जा. मत द्यायचं नाही, नुसतं वाचायचं. एका बैठकीत तीन-चार महिन्यांच्या पलीकडे जाऊ नका. मिस्टरांना बसवता आलं तर फार बरं. गेल्या त्या त्यांच्या आई होत्या, आणि तुमच्या पत्रात मिस्टरांच्या दुःखाला एकही ओळ नाही. त्याचा दोष मी तुम्हाला देत नाही. दोघं मिळून एका अंथरुणाभोवती सात महिने फिरत राहिलात की एकमेकांकडे बघायचं राहूनच जातं.

वाचताना मनात काही ढवळलं तर लिहा. जेम्स पेनेबेकर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८०च्या दशकात महाविद्यालयातल्या मुलांना सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातला सगळ्यात जड प्रसंग लिहून काढायला सांगितलं होतं. काय घडलं आणि तेव्हा काय वाटलं, दोन्ही ज्यांनी लिहिलं त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या काही महिन्यांत कमी झाल्या. नंतर अनेकांनी हा प्रयोग केला. कुठे गुण जास्त आला, कुठे कमी. जादू काही नाही, पण खर्च एका वहीचा आणि तासाभराचा. शुद्धलेखन बघायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. लिहून उठल्यावर तास-दोन तास मन जड राहतं, त्याला घाबरू नका. पण एखादी गोष्ट लिहिताना सहनच होत नाही असं वाटलं तर तिथेच थांबा. चार दिवस पुरे करायचं बंधन नाही.

विचार आणि नुसतं रवंथ यांतला फरक तुम्हाला तिथे कळेल. १५ मिनिटांनी एखादी नवी गोष्ट लक्षात आली असेल, अगदी 'अरे, त्या आठवड्यात मला स्वतःलाच ताप होता' एवढीसुद्धा, तर तो विचार होता. पहिलं आणि शेवटचं वाक्य एकच असेल, 'मीच कमी पडले', तर ते रवंथ. गाईला रवंथ पचतं, माणसाला नाही. अशा वेळी उठून भांडी घासायला घ्या, शेजारणीकडे जा, काहीही करा.

'मीच कमी पडले' यातला तो 'च' बघा. तुमच्या पत्रात ठिकठिकाणी आहे. जमलंच नाही, राहिल्याच नाहीत, धावपळीचंच गेलं, झोडपूनच उठते. न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस नावाच्या मानसोपचारतज्ज्ञानं १९५५च्या सुमारास एक उपचारपद्धती मांडली. तिचा गाभा असा, की माणसाला इच्छा त्रास देत नाही, हट्ट त्रास देतो. 'मला रोज चालायला आवडेल' ही इच्छा. 'चाललंच पाहिजे, नाहीतर मी नालायक' हा हट्ट. इंग्रजीत हे समजावायला त्याला बराच खटाटोप करावा लागला. आपल्याकडे ते सगळं एका 'च'मध्ये मावतं. तुमच्या दीड पानावरचे सगळे 'च' पेन्सिलीनं खोडा आणि तीच वाक्यं पुन्हा वाचा. 'पेटीचा क्लास जमला नाही.' बस. जमला नाही. ही बातमी झाली, निकाल नाही.

स्वतःशी बोलताना आवाज कुठला असतो, हेही ऐका. रामदासांनी मनाला उद्देशून २०५ श्लोक लिहिले. त्यांत उपदेश चांगला कडक आहे, मनाचे लाड नाहीत. पण हाक मारताना म्हणतात, 'मना सज्जना'. ज्याला सुधारायचं त्याला आधी सज्जन म्हणून घेतात. तुम्ही स्वतःला हाक कशी मारता? अमेरिकेतल्या क्रिस्टीन नेफ या संशोधक बाईंनी २००३पासून याच विषयावर काम केलं आहे. त्या एक अगदी घरगुती प्रश्न विचारायला सांगतात, की हेच मैत्रिणीच्या बाबतीत घडलं असतं तर तिला काय म्हणाला असता? तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंची सासू सात महिने अंथरुणावर होती आणि त्या म्हणाल्या, 'यंदा माझं एकही पुस्तक वाचून झालं नाही', तर तुम्ही त्यांना 'आळशी' म्हणाल का? 'अगं, जेवलीस का तू?' असं विचाराल. तेच 'अगं' स्वतःसाठी वापरा. लिहितानाही 'मी' ऐवजी 'अगं, तू' असं लिहून बघा. थोडं अंतर पडतं आणि त्या अंतरातून बरंच स्पष्ट दिसतं.

आता त्या कंसातल्या शेवटच्या वाक्याकडे येते. मला वाटतं, तुम्ही सगळं पत्र त्या एका वाक्यासाठी लिहिलंत.

'सुटलो.'

बाराव्याला तुमच्याकडे जी माणसं आली असतील त्यांतल्या निम्म्यांनी म्हटलं असेल, 'सुटल्या बिचाऱ्या.' तुम्ही मान हलवली असेल. 'सुटल्या' म्हटलं की ते सांत्वन, आणि 'सुटलो' म्हटलं की पाप, असं आपण धरून चालतो. पण ज्या दुखण्यातून त्या सुटल्या त्याच दुखण्याला तुम्हीही बांधलेल्या होतात. दोरी एकच होती. ती तुटल्यावर दोन्ही टोकं मोकळी होणार. दीर्घ दुखणं काढलेल्या घरांत ही भावना इतकी सर्रास असते, की ज्यांनी ती मान्य केली अशा कितीतरी बायका आणि पुरुष मला पत्रांतून भेटले आहेत. जवळजवळ सगळे ते वाक्य असंच लिहितात, कंसात किंवा ताजा कलम म्हणून. दगदगीतून मोकळं झाल्याचं हायसं वाटणं आणि माणूस गेल्याचं दुःख होणं, ही दोन्ही एकाच छातीत शेजारी-शेजारी राहतात. एक खरं म्हणून दुसरं खोटं ठरत नाही. तुम्हाला त्यांचं मरण नको होतं. तुम्हाला सलग सहा तास झोप हवी होती.

तुमच्याकडे यंदा सण नसेल. घरातलं माणूस गेलं की वर्षाच्या आत सण करायचे नाहीत, ही रीत मला पूर्वी निव्वळ बंधन वाटायची. आता तिच्यात एक शहाणपण दिसतं. आपल्या वाडवडिलांनी मान्य केलं होतं की माणूस गेल्यावर घराला एक अख्खं वर्ष लागतं, सगळे ऋतू एकदा त्या माणसाशिवाय जाऊ द्यावे लागतात. तुम्ही मात्र साडेचार महिन्यांतच वजन, इंग्रजी आणि पेटीचा हिशेब मागायला बसलात. वर्षश्राद्ध होईपर्यंत तुमचं जुनं वर्षच चालू आहे असं समजा. तसंही १ जानेवारीला एवढं महत्त्व कशाला? तुमच्या संस्थेचं वर्ष १ एप्रिलला लागतं, व्यापाऱ्यांच्या वह्या दिवाळीत पुजल्या जातात, गुढी चैत्रात उभारतात, मुलीचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं.

भोगी मात्र येते आहे. तो दिवस तुम्हाला जड जाईल, कदाचित कारण कळायच्या आधीच. न्हाणीघराच्या दाराशी पाय अडखळेल, बाजारात वांगी, घेवडा, हरभऱ्याचे सोलाणे दिसले की घशाशी येईल. शक्य असेल तर त्या दिवशी अर्धा दिवस रजा टाका. काही करण्यासाठी नाही, नुसती असावी म्हणून.

आता एक गोष्ट जरा स्पष्ट सांगते, कारण मायेनं बघणं म्हणजे सगळ्यावर पांघरूण घालणं असं मला म्हणायचं नाही. तुमच्या संकल्पांत एक ओळ बाकीच्यांसारखी नाही, 'मुलीवर ओरडायचं नाही'. साखर, वजन, पुस्तकं, पेटी हे सगळं तुमचं तुमच्यापाशी. या ओळीच्या पलीकडे मात्र दुसरं माणूस आहे, सतरा-अठरा वर्षांचं, दार लावून बसलेलं. स्वतःला सगळ्याच गोष्टींसाठी सारखं झोडपलं की हाच तोटा होतो. खरी चूक साखरेच्या आणि इंग्रजीच्या गर्दीत हरवून जाते.

लेखापरीक्षणानंतर संस्थेला दोषदुरुस्ती अहवाल द्यावा लागतो, तो तुम्ही कितीदा टाईप केला असेल. त्यात 'संस्था वाईट आहे' असं कुणी लिहीत नाही. दोष अमुक, दुरुस्ती अमुक, तारीख अमुक. तसंच करा. बारावीची लेखी परीक्षा फेब्रुवारीत, त्याच्या आधी प्रात्यक्षिकं. त्याच्या आत एका संध्याकाळी तिच्या दारावर टकटक करा आणि म्हणा, 'जूनमध्ये पोळ्यांवरून मी तुला जे बोलले ते चुकीचं होतं. तुझा काही दोष नव्हता.' एवढंच. 'मी किती थकले होते ते तुला माहीतच आहे' हे वाक्य जिभेवर येईल. ते गिळा. ते जोडलंत की माफीची तक्रार होते. ती काही बोलली नाही, नुसतं 'हं' म्हणाली, तरी चालेल. लगेच गळ्यात पडण्याची अपेक्षा ठेवू नका. दार उघडं राहतंय का एवढं बघा, आणि पुढच्या वेळी पोळ्या संपल्या की दोघी मिळून भात टाका.

सासूबाईंनी ते ऐकलं असेल का, याचं उत्तर आता मिळणार नाही. तेरीज जुळत नाही तेव्हा तुम्ही काय करता? फरकाची रक्कम तात्पुरती वेगळ्या खात्यात टाकता आणि पुढचं काम चालू ठेवता. हा फरकही तसाच एका खात्यात राहू द्या. तो मिटवायला खोटी नोंद करायची नाही, आणि तो मिटला नाही म्हणून सगळ्या वह्या फाडायच्या नाहीत. मनात फार आलं तर त्यांच्या फोटोपुढे उभं राहून मोठ्यानं बोला. मी बाबांच्या फोटोशी बोलत असे. कुणी ऐकत होतं की नाही ठाऊक नाही, पण मला बोलायचं होतं.

आणखी एक, मनापासून. रडू येणं, मन जड असणं हे तुमच्या परिस्थितीत स्वाभाविक आहे. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज, जवळजवळ सगळा दिवस उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा झोप येत नसेल, जेवण जात नसेल, किंवा 'आपण नसतो तर बरं' असा विचार एकदाही डोकावला असेल, तर कॅलेंडर आणि वही पुरायची नाही. डॉक्टरांना भेटा. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते, मराठीतून बोलता येतं. सासूबाईंना अस्थिरोगतज्ज्ञाकडे नेताना तुम्हाला संकोच वाटला नव्हता. हेही तसंच.

राहिली डायरी. नवी आणू नका. जुनीच घ्या. पहिलं संकल्पांचं पान फाडू नका, शेवटचं दीड पानही राहू द्या, फक्त त्या दोन रेघांच्या खाली 'साडेबाराशे वेळा' एवढं लिहा. १३ जानेवारीपासूनची पानं कोरी आहेत, ती वापरा. रोज लिहायचं असं काही नाही. दुधाचे खाडे लिहा, मुलगी आज काय खाऊन गेली ते लिहा. पानावर छापलेला वार यंदाच्या वाराशी जुळणार नाही. चालेल.